सकाळी जाग येताना तुमच्या डोक्यात कुठलं गाणं असतं? नोंद ठेवता का?

रानजाई | सोमवार, सकाळी ७:१०

नमस्कार मंडळी,

जाग येते तेव्हा डोक्यात एखादं गाणं आधीपासूनच चालू असतं, हा अनुभव बहुतेकांना असेल. दात घासून होईपर्यंत ते विरतं आणि दुपारी कुणी विचारलं तर आठवतही नाही. मी गेली काही वर्षं ते लिहून ठेवते आहे. उशाशी शंभर पानी वही आणि शिसपेन्सिल. (पडल्यापडल्या वही वर धरून लिहिताना बॉलपेन दोन शब्दांत थांबतं, म्हणून पेन्सिल.) तारीख, गाणं, आवाज कुणाचा, नेमकी कुठली ओळ, आणि शेवटचा रकाना 'कुठून आलं असावं'. हा रकाना सकाळी रिकामाच राहतो. दिवसभरात दुसरंच काही करताना कारण लक्षात येतं, मग रात्री भरते.

वही चाळताना काही गोष्टी दिसायला लागल्या. पूर्ण गाणं जवळजवळ कधीच नसतं. ध्रुवपद, त्यातलीही एखादीच ओळ, आणि तीच पुन्हापुन्हा. अंतरा क्वचित. मी मुद्दाम लावून ऐकते त्या गाण्यांपैकी फार थोडी सकाळी भेटतात. सगळ्यात रस वाटतो तो एखाद्या शब्दावरून आलेल्या गाण्यांमध्ये. एकदा ऐन मार्गशीर्षात 'श्रावणात घननिळा बरसला' घेऊन जाग आली. आदल्या दिवशी घरात रेडिओ लागला नव्हता, टीव्हीही नाही. संध्याकाळी कुकर लावताना उलगडलं: मंडईत श्रावणघेवड्याचा भाव विचारला होता. पाडगांवकरांचे शब्द, खळ्यांची चाल, लताबाईंचा आवाज, एवढं सगळं त्या एका शब्दाला धरून वर आलं.

याचा अभ्यासही झालेला आहे. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातल्या व्हिक्टोरिया विल्यमसन आणि सहकाऱ्यांनी रेडिओच्या श्रोत्यांकडून असे अनुभव मागवले आणि २०१२ साली त्यांची वर्गवारी छापली. गाणं नुकतंच कानावर पडलेलं असणं, वारंवार पडलेलं असणं, एखाद्या शब्दाने, माणसाने किंवा जागेने त्याची आठवण होणं, तेव्हाची मनःस्थिती, आणि मन रिकामं भटकत असणं, अशी कारणं त्यांना सापडली. माझ्या वहीत ही सगळी दिसतात. पण ती वहीमुळेच दिसली. न लिहिता मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की कुठलंही गाणं कधीही येतं.

एकच आग्रह: फोन हातात घ्यायच्या आधी लिहा. फोनचा पहिला आवाज झाला की आधीचं गाणं गेलंच समजा. गजर लागत असेल तर त्याला कुठलीही चाल नको, साधी घंटा ठेवा.

तुमच्यापैकी कुणी अशी नोंद ठेवतं का? नसाल तर उद्या सकाळचं गाणं इथे लिहा.

---

मुळामुठा | सोमवार, सकाळी ८:०२

मस्त धागा! आमच्याकडे घंटागाडी सात वाजता येते आणि 'गाडीवाला आया' लावते. मी साडेसातला उठतो. त्यामुळे माझं गाणं बाराही महिने ठरलेलं आहे. झोपेत कान उघडे असतात याचा हा पुरावाच.

---

जुनीवही | सोमवार, सकाळी ९:४०

रानजाईताई, तुमचं वाचून वडिलांची वही काढली. ते बिनाका गीतमालेची वही ठेवायचे. बुधवारी रात्री आठ ते नऊ रेडिओ सिलोन, अमीन सयानी, आणि वडील पेन घेऊन सेटसमोर. प्रत्येक पायदानावर कुठलं गाणं, गेल्या आठवड्यात ते कितव्यावर होतं, किती चढलं, किती उतरलं. सिलोन मध्येच खरखरायचं, तेव्हा ज्या गाण्याचा नंबर ऐकू आला नाही तिथे नुसता बाण काढलेला आहे, अंदाजाने भरलेलं नाही. १९५२ साली गीतमाला सुरू झाली तेव्हा ते शाळेत होते. वही पुढच्या काळातली आहे.

आई सांगते की गुरुवारी सकाळी आंघोळीच्या पाण्याबरोबर आदल्या रात्रीचं सरताज गीत हमखास ऐकू यायचं. वहीची मागची पानं कोरी आहेत. उद्यापासून माझं सकाळचं गाणं त्यातच लिहीन.

---

पेटीवाला | सोमवार, दुपारी १:१५

एक रकाना वाढवा: पट्टी, म्हणजे गाण्याचा सा पेटीच्या कुठल्या सुरावर आहे ते.

मी पेटी शिकवतो, त्यामुळे हे आपोआप सुरू झालं. जाग आल्याआल्या डोक्यातलं गाणं फोनवर गुणगुणून रेकॉर्ड करायचं. फोन विमानमोडमध्ये ठेवतो, म्हणजे मेसेजचा टिंगटिंगाट मध्ये येत नाही. मग दुपारी पेटीवर षड्ज (सा) शोधायचा आणि मूळ ध्वनिमुद्रिकेशी ताडून पाहायचा. माझा अंदाज होता की माणूस स्वतःच्या गळ्याला सोयीच्या पट्टीत गुणगुणेल. माझी काळी एक, म्हणजे माझा सा पेटीच्या पहिल्या काळ्या सुरावर. पण होतं असं की गाणं मूळचं काळी तीनचं असेल तर मी झोपेच्या घोगऱ्या आवाजात एक सप्तक खाली, पण काळी तीनलाच गात असतो. फरक पडला तर अर्ध्या सुराचा. आणि मला कुठलाही सूर ऐकून ओळखण्याची देणगी नाही. दिवसा कुणी म्हणालं, 'काळी तीनचा सा लाव', तर पेटीला हात लावल्याशिवाय मला तो लागत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ इथल्या संशोधकांनी २०२४ साली हेच दाखवलं. ३० जणांना दिवसात अवचित वेळी फोनवर विचारायचं, तेव्हा डोक्यात एखादं गाणं आपोआप चालू असेल तर ते गुणगुणून पाठवायचं. ४४.७ टक्के रेकॉर्डिंग मूळ पट्टीला बरोब्बर बसली आणि ६८.९ टक्के एका अर्धस्वराच्या आत होती. आपल्याला सूर लक्षात राहत नाहीत असं समजणाऱ्या माणसांच्या आतही गाणं त्याच्या मूळ जागेवर ठेवलेलं असतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगतो. 'मला सुराचं अंग नाही' म्हणणाऱ्या एका काकूंचं रेकॉर्डिंग त्यांनाच पेटीबरोबर ऐकवलं. त्या पुढच्या महिन्यात क्लासला आल्या.

---

ढगाळहवा | सोमवार, दुपारी ४:५०

श्टुटगार्टहून. इथे दिवसभर कानावर मराठी पडत नाही, तरी सकाळची गाणी मराठीच. त्यातही शाळेतल्या प्रार्थना आणि जाहिराती. विको वज्रदंतीची जाहिरात माझ्या डोक्यात अक्षर न चुकता आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे. झोप यावी म्हणून मी रात्री हवाईयन गिटारवरची जुनी हिंदी गाणी लावते, शब्द नकोत म्हणून. पण त्या दिवसांत मध्यरात्रीही जाग येते आणि गाणं चालूच असतं, तेही शब्दांसकट. असं का?

---

रानजाई | सोमवार, सायंकाळी ६:३०

@पेटीवाला, पट्टीचा रकाना आजच आखते. माझ्याकडे पेटी नाही, तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर पाहीन.

@ढगाळहवा, तुमच्या प्रश्नावरच टेक्सासच्या बेलर विद्यापीठात मायकल स्कलिन यांनी काम केलं आहे, २०२१ साली छापलेलं. झोपेच्या प्रयोगशाळेत ५० जण. झोपण्याआधी काहींना लोकप्रिय गाणी शब्दांसह ऐकवली, काहींना त्याच गाण्यांच्या नुसत्या वाद्यांवरच्या चाली. आपल्याला वाटेल शब्द नसलेलं संगीत हलकं. पण वाद्यांवरच्या चाली ऐकलेल्यांच्या डोक्यात गाणं जास्त अडकलं. आणि ज्यांच्या डोक्यात अडकलं त्यांना झोप लागायला वेळ लागला, मध्ये जागही जास्त आली. मला वाटतं, ओळखीची चाल शब्दांशिवाय आली की शब्द पुरवायचं काम मेंदू स्वतःकडे घेतो. २००५ साली डार्टमथ कॉलेजच्या प्रयोगात ओळखीच्या गाण्यात मध्येमध्ये शांतता पेरली, तेव्हा त्या शांततेतही मेंदूचा ऐकण्याचा भाग कामाला लागलेला दिसला होता. तेव्हा गिटारवर ओळखीची गाणी नकोत. अनोळखी रागसंगीत किंवा काहीच नाही, असं आठवडाभर करून पाहा आणि लिहून ठेवा.

---

सरळरेघ | सोमवार, रात्री ९:२०

मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. मी अशी नोंद काही महिने ठेवली आणि थांबवली. कारण जाग येताच मी गाणं 'शोधायला' लागलो. पूर्वी कदाचित काहीच नसायचं, आता काहीतरी पकडून वर आणायचो. नोंद करायची म्हणून गाणं तयार व्हायला लागलं तर त्या वहीवर विश्वास कसा ठेवायचा? शिवाय लिहिलं की ते दिवसभर सोडत नाही, हा त्रास निराळा.

---

रानजाई | सोमवार, रात्री १०:०५

तुमचा पहिला मुद्दा मला पूर्ण पटतो. म्हणून 'काही नाही' हीसुद्धा नोंद आहे आणि ती लिहायलाच हवी. वरच्या जुनीवही यांच्या वडिलांनी काढलेला बाण मला त्यासाठीच फार आवडला: ऐकू आलं नाही तर आलं नाही. माझा नियम असा की गाणं शोधावं लागलं तर ते धरायचं नाही.

दिवसभर न सोडण्यावर उपाय आहेत. गाणं अर्धवट माहीत असेल तर ते जास्त घोळत राहतं असा अनुभव आहे. अंतरा शोधून एकदा सबंध ऐकलं की बऱ्याचदा सुटतं. रेडिंग विद्यापीठात २०१५ साली च्युइंगमचा प्रयोग झाला. चघळताना गाणं कमी वेळा आठवलं, आणि नुसत्या बोटाने ठेका धरण्यापेक्षा चघळण्याचा परिणाम जास्त होता. मनातल्या मनात गाताना बोलण्याचीच यंत्रणा वापरली जाते, तिला दुसरं काम दिलं की गाण्याची पकड सुटते.

---

मांडवीकाठ | मंगळवार, सकाळी ७:३५

गोंयांतल्यान नमस्कार. आमच्या वाड्यावर सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) भोंप्याने जाग येते, त्यामुळे डोक्यातलं गाणं तो भोंपू वाजायच्या आधीच पकडावं लागतं. चवथीनंतर (गणेशचतुर्थी) मात्र डोक्यातल्या गाण्याला कशाचाच अडथळा होत नाही. घुमट आरतीचा ठेका दिवसचे दिवस राहतो. माझ्याबाबतीत आधी घुमट-शामेळ ही चर्मवाद्यं येतात, मग कांसाळें (झांजा), शब्द शेवटी. तुमच्याकडे उलटं होतं का? (घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, ते आता बंद, बोकडाचं लावतात. नादात फरक पडतो असं जुने वाजवणारे म्हणतात. माझ्या डोक्यात जुनाच नाद आहे.)

---

मुळामुठा | मंगळवार, सकाळी ७:५०

आमच्याकडे 'सुखकर्ता दुःखहर्ता'. टाळ्यांसकट, आणि शेवटची ओळ लांबवणाऱ्या शेजारच्या काकांच्या आवाजात. गायकाच्या रकान्यात काकांचंच नाव लिहिलं आहे.

---

दादरचा_पाऊस | मंगळवार, सकाळी ११:२५

कुणीतरी मदत करा. गेला आठवडाभर सकाळी एक चाल येते आहे. शब्द नाहीत. मागे तानपुरा, त्यावर एकटं व्हायोलिन, अगदी संथ. ऐकताना अंगावर चादर ओढून घ्यावीशी वाटते, थोडं उदासही वाटतं. लहानपण सांगलीत गेलं, तेव्हाचं काहीतरी आहे एवढंच कळतं. सिनेमातलं असेल असं वाटत नाही. गुणगुणून गाणं ओळखणाऱ्या अ‍ॅपला सापडलं नाही.

---

पेटीवाला | मंगळवार, सकाळी ११:४०

पहाटे सभा सुरू व्हायच्या आधी वाजायची का? कोमल गंधार घेऊन सा रे ग॒ प ध अशा सुरांत?

---

दादरचा_पाऊस | मंगळवार, दुपारी १२:१०

सूर मला कळत नाहीत. पण 'सभा' म्हणालात आणि आजोबांचा ट्रान्झिस्टर डोळ्यांपुढे आला. आकाशवाणी! आत्ता ऐकली. तीच आहे. घरात रेडिओ नाही, कित्येक वर्षांत ऐकलेली नाही. गेल्या आठवड्यात आजोबांची गोधडी धुऊन अंगावर घ्यायला काढली, तेवढंच निमित्त असेल.

---

पेटीवाला | मंगळवार, दुपारी १२:३०

ती संकेतधून वॉल्टर काउफमन यांची, १९३६ च्या सुमाराची. मूळचे आजच्या चेक प्रजासत्ताकातले ज्यू संगीतकार, युरोपातून निघून १९३४ साली मुंबईत आले आणि इथल्या आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. सूर शिवरंजनीचे आहेत. तुम्हाला उदास वाटतं ते त्या कोमल गंधारामुळे, निदान मला तरी तिथेच वाटतं.

---

कर्णफूल | मंगळवार, सायंकाळी ५:४५

मी कान-नाक-घसा डॉक्टर आहे. धागा आवडला, पण घरात वडीलधारी माणसं असतील त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. डोक्यात गाणं घोळणं हे सगळ्यांना होतं आणि 'हे माझ्या मनात चाललं आहे' हे आपल्याला कळत असतं. पण आजीआजोबा 'शेजारी लाउडस्पीकर लागलाय, बंद करायला सांगा' म्हणत असतील आणि बाहेर काहीच नसेल, तर ती निराळी बाब आहे. ऐकू कमी यायला लागलेल्या वृद्धांमध्ये हे दिसतं. त्याचा अर्थ वेड लागलं असा बिलकूल नाही. कान तपासून घ्या. पुष्कळांना श्रवणयंत्राने बाहेरचे आवाज नीट यायला लागले की हे संगीत कमी होतं. म्हातारी माणसं भीतीपोटी सांगत नाहीत, म्हणून घरच्यांनीच विचारावं.

---

तेरडा | बुधवार, सकाळी ६:२०

दोन दिवस वाचते आहे. लिहू की नको असं चाललं होतं.

माझी आई ऐंशीच्या पुढे आहे. विस्मरणाचा आजार आहे. जेवली का ते सांगता येत नाही, मला कधी तिची बहीण समजते. पण पहाटे जाग आली की डोळे मिटूनच ओवी म्हणते. जात्यावरची. आमचं गाव बीडकडचं, तिचं माहेर गेवराईजवळ. भाऊ बैलगाडी घेऊन न्यायला येतो, वाटेत लिंबाची सावली आहे, एवढी ओळ येते आणि थांबते. दुसरी ओळ येत नाही. पुन्हा पहिली. मग चहा प्यायली की संपलं, दिवसभर विचारलं तरी 'कसली ओवी?' म्हणते.

रानजाईताई, हे माझ्या डोक्यातलं गाणं नाही, तिच्या डोक्यातलं आहे. हे लिहून ठेवण्यासारखं आहे का? आणि कसं लिहू?

---

रानजाई | बुधवार, सकाळी ७:००

तेरडाताई, या धाग्यावर आलेल्या सगळ्या गाण्यांत हे आधी लिहायला हवं. आमची बाकीची गाणी कुठेतरी रेकॉर्ड झालेली आहेत, उद्या विसरलो तरी सापडतील. ही ओळ कदाचित फक्त तुमच्या आईकडे असेल.

बायका पहाटे तीन-चारला उठून दळायला बसायच्या. ओवी त्या वेळेला आणि त्या कामाला बांधलेली होती. गावोगाव पिठाची गिरणी आली, दळण सुटलं, आणि ओवी म्हणायची वेळच उरली नाही. तुमच्या आईला ती पहाटेच आठवावी, चहानंतर नाही, याचं मला तरी नवल वाटत नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी अनेक वर्षं महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आता त्यांतल्या पुष्कळ 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. तिथे प्रत्येक ओवीबरोबर म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिलेलं आहे. हीच पद्धत तुम्ही धरा: आईचं नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव, तारीख. आणि शब्द तिच्या तोंडून जसे येतात तसेच. 'आला' ऐवजी 'आलं' म्हणाली तर 'आलं'च लिहा. दुसरी ओळ आली नाही तर जागा कोरी सोडा, आपल्या मनाने जुळवू नका. भाऊ, बैलगाडी, लिंब या विषयांवर तिथे शोधून पाहा, जवळची एखादी ओवी सापडेलही. पण ती सापडली तरी तिच्या ओळीशेजारी वेगळी लिहा, जोडून नाही.

---

पेटीवाला | बुधवार, सकाळी ८:१५

लिहिण्याबरोबर रेकॉर्ड नक्की करा. फोन रात्रीच उशाजवळ ठेवा, पहाटे तोंडासमोर धरलात तर त्या थांबतील. चाल आणि ओढ कागदावर उतरत नाही.

आणखी एक. माझी आजी नुसती बसून ओवी सांगू शकायची नाही. 'आठवत नाही' म्हणायची. जात्याचा खुंटा हातात आला की एकामागून एक यायच्या. आईच्या हाताला गोल फिरवायचं काही देता आलं तर पाहा.

---

कर्णफूल | बुधवार, सकाळी ८:५०

पेटीवाला यांना दुजोरा. अशा आजारात बाकी आठवणी गेल्या तरी लहानपणची गाणी पुष्कळदा मागे राहतात. मात्र 'पुढं काय गं, आठव ना' असं विचारू नका, त्याने त्या गोंधळतात. त्यांची ओळ झाली की तुम्ही तीच हळू म्हणा.

---

तेरडा | शुक्रवार, रात्री ८:४०

सगळ्यांचे आभार. जातं मोडीत गेलं आहे. काल पहाटे तिच्या मांडीवर परातीत मूठभर ज्वारी ठेवली आणि तिचा हात त्यातून फिरवला. डॉक्टरताईंनी सांगितलं तसं तिची ओळ झाल्यावर मी तीच म्हटली. तिने माझ्याकडे बघितलं, हात स्वतःहून फिरवला आणि ओळ म्हटली, यावेळी भावाचं नाव घालून. माझ्या थोरल्या मामांचं. ते नाव घरात बऱ्याच वर्षांत कुणी घेतलेलं नाही. रेकॉर्डिंग झालं आहे, मागे कोंबडा आरवतो आहे पण आवाज स्पष्ट आहे.

दुसरी ओळ आली नाही. दुपारी परळीच्या मावशीला फोन लावून ऐकवलं. ती म्हणाली, ही आमच्या आईची, म्हणजे माझ्या आजीची ओवी, आणि पुढची ओळ तिला येते. पण फोनवर म्हणणार नाही म्हणाली, समोर बसून म्हणेन. रविवारी आईला घेऊन परळीला जाते आहे. मावशीकडे जातं अजून आहे.